देवाने लिहिला नसेल, तरी

गेल्या आठवड्यात एका जुन्या मैत्रिणीने मला सरळच विचारलं, "तुझा देवावर विश्वास नाही, मग हे धर्मग्रंथ घेऊन तासन्‌तास बसतेस कशाला?" टोमणा नव्हता, तिला खरोखर कळत नव्हतं. हाच प्रश्न मला उलट बाजूनेही येतो. आमच्या नात्यातले एक काका रोज नेमाने पोथी वाचतात. ते म्हणतात, "श्रद्धाच नसेल तर नुसतं वाचून हाती काय लागणार?" या दोघांचं एरवी कशावरच पटणार नाही, पण एका गोष्टीवर दोघंही ठाम आहेत. ग्रंथ देवाकडून आला असेल तरच त्याला किंमत, नाहीतर ती रद्दी. मला हे गृहीतकच मान्य नाही.

माझी भूमिका आधी सांगून टाकते. वेद असोत, बायबल असो, कुराण असो, यातला कुठलाही ग्रंथ वरून उतरला असं मला वाटत नाही. माणसांनी रचले, माणसांनी पाठ केले, माणसांनी उतरवून घेतले, उतरवताना चुका केल्या, भर घातली. ज्यांची श्रद्धा आहे त्यांचं मन वळवायला मी हे लिहीत नाहीये. मी लिहितेय माझ्यासारख्यांसाठी, ज्यांनी विश्वास सुटला म्हणून पुस्तकही सोडून दिलं. मीही सोडलं होतं. जवळजवळ पंधरा वर्षं हात लावला नव्हता.

मग दादा आजारी पडला. एका पहाटे तीनच्या सुमारास डॉक्टरांनी माझ्यापुढे शस्त्रक्रियेच्या संमतीचा कागद धरला. केली तर वाचेलच असं नाही, नाही केली तर वाचणारच नाही. सही मला करायची होती. तोंडाला कोरड पडली होती, बोटांत पेन धरवत नव्हतं, अंगाची नुसती आग होत होती. मी सही केली. चार दिवसांनी दादा गेला.

काही महिन्यांनी, का ते आता आठवत नाही, मी गीतेचा पहिला अध्याय उघडला. 'सीदन्ति मम गात्राणि मुखं च परिशुष्यति।' गात्रं गळाली आहेत, तोंड सुकलं आहे, अंगाला कंप सुटला आहे, गांडीव हातातून निसटतं आहे, त्वचा जळते आहे. लहानपणी हे श्लोक मी घडाघडा म्हणायचे, तेव्हा ते नुसते आवाज होते. आता वाटलं, हे ज्याने कोणी लिहिलं त्याने असा माणूस जवळून पाहिलेला आहे. आपल्याच माणसांच्या जिवाचा निर्णय पुढ्यात आला की शरीर काय करतं, आणि ते कुठल्या क्रमाने करतं, हे त्याला नेमकं ठाऊक आहे. तो देव होता की कवी, हा प्रश्न त्या रात्री माझ्या डोक्यातही आला नाही.

दादा गेल्यावर भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली होती. सगळे मनापासून आलेले. पण प्रत्येकाकडे काही ना काही कारण तयार होतं. कोणी म्हणालं, मागच्या जन्माचे भोग. कोणी म्हणालं, चांगली माणसंच देवाला आधी हवी असतात. एकाने तर दादाच्या खाण्यापिण्याच्या सवयींचा हिशोब मांडला. आई प्रत्येक वाक्यागणिक थोडी आत आत जात होती. एक माणूस मात्र वेगळा निघाला. दादाचा एक सहकारी सलग तीन दिवस संध्याकाळी आला, भिंतीला टेकून बसला, आणि एक शब्द न बोलता उठून गेला. आई आजही फक्त त्याचीच आठवण काढते.

बायबलमधलं ईयोबाचं पुस्तक मी त्यानंतर वाचलं. ईयोब सज्जन माणूस. एका दिवसात त्याची गुरंढोरं जातात, वादळात घर कोसळून दहाही मुलं मरतात, मग अंगभर फोडं उठतात. अलीफज, बिल्दद आणि सोफर हे तिघे मित्र त्याला भेटायला येतात. त्याला बघून मोठ्याने रडतात आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याशेजारी जमिनीवर बसून राहतात. कोणीही बोलत नाही, कारण त्याचं दुःख फार मोठं आहे हे त्यांना दिसत असतं. इथवर ते खरे मित्र असतात. मग ते तोंड उघडतात. पुढचे तीसेक अध्याय बहुतेक एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत: तू काहीतरी पाप केलं असशील, देव उगाच कोणाला शिक्षा करत नाही. ईयोब मान्य करत नाही. तो देवावर ओरडतो, मला जाब दे म्हणतो. आणि शेवटी देव वादळातून बोलतो तेव्हा त्या मित्रांना म्हणतो, तुम्ही माझ्याविषयी खरं बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला तसं.

देवाची बाजू घेऊन बोलणारे खोटे ठरतात, आणि देवाशी भांडणारा खरा ठरतो. एका धर्मग्रंथात! अडीच हजार वर्षांच्या आसपासचं जुनं हे लिखाण आहे. ते लिहिणाऱ्याने आमच्या बैठकीच्या खोलीतली ती वाक्यं ऐकली होती. मला त्यातून दिलासा मिळाला असं म्हणणार नाही. पण इतक्या जुन्या माणसाला त्या वाक्यांचा तसाच संताप आला होता हे कळणं, त्या दिवसांत माझ्यासाठी फार होतं.

आता मैत्रिणीच्या मुद्द्याकडे येते. ग्रंथाचं मोल त्याच्या उगमावर ठरतं असं धरलं तर काय होतं, याचं माझ्या मते सगळ्यात बोलकं उदाहरण योहानाच्या शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चार चरित्रांपैकी एकात, आहे. व्यभिचारात पकडलेल्या बाईला दगडांनी मारायला लोक जमले आहेत. येशू खाली वाकून बोटाने जमिनीवर काहीतरी लिहितोय. मग मान वर करून म्हणतो, तुमच्यात जो निष्पाप असेल त्याने पहिला दगड टाकावा. आणि पुन्हा वाकून लिहायला लागतो. एकेक करून सगळे निघून जातात, आधी वयाने मोठे असलेले. ज्यांनी बायबल हातात धरलेलं नाही त्यांनाही 'पहिला दगड' ठाऊक असतो. पण गंमत अशी की ही गोष्ट योहानाच्या सर्वांत जुन्या, विश्वासार्ह हस्तलिखितांमध्ये नाहीच. चौथ्या शतकातल्या ज्या दोन थोर प्रती उरल्या आहेत, सिनाईटिकस आणि व्हॅटिकॅनस, त्या दोन्हींत ती नाही. ती नंतर कोणीतरी तिथे आणून ठेवली यावर बहुतेक अभ्यासकांचं एकमत आहे. आजच्या अनेक छापील आवृत्त्यांत ती कंसात असते, खाली टीप असते.

मग काय करायचं? उगमावरच मोल ठरत असेल तर ती काढून टाकायला हवी. पण कंसात का होईना, ती ठेवलेली आहे. श्रद्धाळू प्रकाशकांनीही ठेवली आहे. कारण ती गोष्ट वाचताना हातातला दगड जड होतो, मग ती योहानाने लिहिलेली असो की नाव हरवलेल्या कुणा लेखनिकाने. माझं म्हणणं एवढंच आहे की आपण सगळे, मानणारेही, आत कुठेतरी असंच वाचत असतो. मी ते उघडपणे करते.

आणि ग्रंथ कोणी केला याबद्दलची शंका ही काही आधुनिक लोकांची चैन नाही. आपल्याकडे मीमांसा या दर्शनाच्या पंडितांनी, मीमांसकांनी, वेद अपौरुषेय मानले, म्हणजे देवानेसुद्धा न रचलेले. न्याय दर्शनाच्या पंडितांना, नैयायिकांना, ते मान्य नव्हतं, ते म्हणाले की ईश्वरानेच रचले. दोघेही वेद मानणारे, आणि कर्त्याबद्दल हा इतका मूलभूत मतभेद. ऋग्वेदातलं नासदीय सूक्त सृष्टी कुठून आली असं विचारत विचारत शेवटी म्हणतं, वर जो अध्यक्ष आहे त्यालाच ठाऊक, किंवा कदाचित त्यालाही ठाऊक नसेल. शंकराचार्य गीताभाष्यात लिहितात की अग्नी थंड आहे असं शंभर श्रुतींनी सांगितलं तरी ते प्रमाण होत नाही. ही वाक्यं मला कोणी लहानपणी दाखवली असती तर ती पंधरा वर्षं कदाचित वाया गेली नसती.

तालमुद या ज्यूंच्या धर्मशास्त्राच्या ग्रंथातली एक कथा तर मी भेटेल त्याला सांगत सुटते. एका भट्टीच्या शुद्धतेवरून रब्बी (ज्यू धर्मपंडित) एलिएजर एकीकडे आणि बाकीचे सगळे पंडित दुसरीकडे असा वाद चालू आहे. एलिएजर म्हणतो, माझं बरोबर असेल तर हे झाड सिद्ध करेल. झाड उपटून लांब जाऊन पडतं. पंडित म्हणतात, झाडाचा पुरावा चालत नाही. ओढा उलटा वाहतो, तोही चालत नाही. शेवटी आकाशवाणी होते की एलिएजरच बरोबर आहे. तेव्हा रब्बी यहोशवा उठून उभा राहतो आणि धर्मशास्त्रातलंच वचन ऐकवतो, "ती स्वर्गात नाही." म्हणजे शास्त्र आता माणसांच्या हाती दिलेलं आहे, त्याचा अर्थ इथे बसून लावायचा. आणि यावर देव काय म्हणतो? तो हसतो आणि म्हणतो, माझ्या मुलांनी मला हरवलं. मानणाऱ्यांनीच जपलेली गोष्ट आहे ही.

काका म्हणतील, म्हणजे तू सोयीचं तेवढं उचलणार. हा आक्षेप मला टोचतो, कारण त्यात तथ्य आहे. अमेरिकेचा माजी राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन याने 1820 च्या सुमाराला अक्षरशः पातं घेऊन शुभवर्तमानं कापली. चमत्कार वगळले, उपदेश ठेवला, चिकटवून पुस्तक केलं. ते येशूच्या कबरीवर शिळा लोटतात तिथे संपतं, पुनरुत्थान नाही. विचार म्हणून मी जेफरसनच्या बाजूची, तरीही ते पुस्तक मला पटत नाही. आपल्याला आधीपासून मान्य असलेलं तेवढं ठेवलं, तर पुस्तकातून आपलाच चेहरा परत बघायला मिळणार. ज्याने शेकडो माणसं गुलाम म्हणून बाळगली, त्याला दुसऱ्या कुणाच्या नजरेची फार गरज होती.

दुसरी कात्री त्याहून वाईट. 1807 साली लंडनमध्ये कॅरिबियन बेटांवरच्या गुलामांसाठी निवडक बायबल छापलं गेलं. मोशे इस्रायली लोकांना मिसरच्या गुलामगिरीतून बाहेर काढतो तो भाग त्यातून गायब. मालकाच्या आज्ञेत राहा असं सांगणारी वचनं मात्र जागच्या जागी. ज्यांनी ते कापलं त्यांना नीट कळत होतं की ही पानं गुलामाच्या हाती पडली तर काय होईल. ग्रंथात काही दम नाही म्हणणाऱ्यांनी या पुस्तकाकडे एकदा बघावं.

म्हणून माझा नियम असा की सगळं वाचायचं. आवडतं ते, नावडतं ते, चीड आणणारं तेही. बाईबद्दल, शूद्राबद्दल, परक्या टोळीबद्दल जे लिहून ठेवलंय ते वाचताना अनेकदा पुस्तक मिटावंसं वाटतं. 25 डिसेंबर 1927 ला महाडला मनुस्मृती जाळली गेली, ती योग्यच जाळली गेली असं माझं ठाम मत आहे. आणि बाबासाहेबांनी ही शास्त्रं किती बारकाईने वाचली होती हे त्यांच्या लिखाणाच्या पानापानावर दिसतं. न मानणाऱ्याला इथे एक मोकळीक आहे. त्याला त्या ओळींचं समर्थन करावं लागत नाही, अर्थ पिळून गोड करावा लागत नाही. हे चूक आहे, क्रूर आहे, असं तो सरळ म्हणू शकतो. त्याचबरोबर एक ओझंही येतं. ग्रंथ सांगतो म्हणून हे चांगलं, असं म्हणून आता सुटता येत नाही. ते स्वतः ठरवावं लागतं, आणि का ते सांगावं लागतं.

गीतेतही कृष्ण अठराव्या अध्यायात म्हणतोच, 'विमृश्यैतदशेषेण यथेच्छसि तथा कुरु', याचा पूर्ण विचार कर आणि मग तुला हवं ते कर. तीनच श्लोकांनंतर 'मामेकं शरणं व्रज', एकट्या मला शरण ये, हे येतं, हेही मला माहीत आहे. काकांसाठी ते शेवटचं वाक्य आहे. मी त्या आधीच्या श्लोकापाशी थांबते.

मैत्रिणीचा अजून एक प्रश्न उरतो: हे सगळं चांगल्या कादंबरीतही मिळतंच की. मिळतं. पण कादंबरी मला कधी 'ऊठ, बदल' असं तोंडावर म्हणत नाही. आणि कादंबरीतल्या वाक्यावर हजारो वर्षं माणसांनी आपली मरणं, लग्नं, भांडणं टेकवलेली नसतात. अशा वाक्यावरून बोट फिरवताना माझ्याआधी ते वाचलेल्यांची गर्दी मला जाणवते.

गेल्या महिन्यात आईने ईयोबाची गोष्ट ऐकायची म्हणून हट्ट धरला. तिची दृष्टी आता अधू झाली आहे, म्हणून मी रोज रात्री थोडं थोडं वाचून दाखवत होते. तिघे मित्र सात दिवस गप्प बसतात त्या जागी ती "हं" म्हणाली आणि दादाच्या त्या सहकाऱ्याचं नाव घेतलं. शेवटच्या अध्यायात देव ईयोबाला सगळं दुपटीने परत देतो. चौदा हजार मेंढरं, सहा हजार उंट, आणि पुन्हा सात मुलगे, तीन मुली. मी वाचून थांबले. आई रोज देवापुढे हात जोडते, मी जोडत नाही. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग हळूच म्हणाली, "आणि आधीची दहा?"

मी त्या ओळीच्या कडेला पेन्सिलने खूण केली आणि तिच्याशेजारी तशीच बसून राहिले.