अवघा एक तास

मुलुंडला मेहुण्याच्या घरची वास्तुशांत ठरली, तेव्हा आपण विमानाने जाणार आणि अवघ्या एका तासात पोहोचणार, असे मी मंगळवार पेठेतील निम्म्या घरांना तरी सांगून टाकले. ज्या कोल्हापुराने राजाराम महाराजांच्या काळात, 1939 सालीच विमानतळ पाहिला, तिथल्या माणसाने हिशेब न करता तिकीट काढणे बरे दिसत नाही, म्हणून तोही केला. उजळाईवाडीचा आमचा विमानतळ ते मुंबई विमानतळ हे अंतर सरळ रेषेत सुमारे 310 किलोमीटर. पंख्याचे छोटे विमान आकाशात ताशी साधारण 500 किलोमीटर जाते. म्हणजे प्रवास 37 मिनिटांचा. तिकिटावर एक तास दाखवला होता, तो विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या गावी थांबेपर्यंतचा असतो, हे मला माहीत होते. आपण घरातून हलल्यापासूनचा तास कुठेच छापलेला नसतो, हे मात्र ध्यानात आले नाही.

शेजारच्या अण्णांनी आदल्या रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस धरली. मुंबई वायव्येला असताना ही गाडी आधी पूर्वेला मिरजेस जाते, मग सातारा, पुणे करत 500 किलोमीटरांहून अधिक फिरून पोहोचते, हे मी त्यांना नकाशावर दाखवले. ते म्हणाले, "फिरू दे की. मी झोपलेला असतोय."

दुसऱ्या दिवशी बाराला आम्ही रिक्षात बसलो. विमान अडीचचे असले तरी लवकर पोहोचावे लागते, आणि सामानाच्या वजनाची खात्री नव्हती. ती रास्त ठरली, कारण सौभाग्यवतींनी माहेरासाठी घेतलेल्या गुळाच्या ढेपा आणि कांदा-लसूण चटणी यांनी मर्यादा ओलांडली होती. त्या काउंटरसमोर बॅग उघडून गूळ ठेवावा की माझे कपडे, यावर जी चर्चा झाली, तिचा निकाल मी पुढचे दोन दिवस मेहुण्याच्या सदऱ्यात काढले एवढ्यावरून कळावा. मग विमान उशिरा येत असल्याची घोषणा झाली आणि आम्ही पावणेचारला उडालो.

खरी मौज मुंबईवर आली. पंचगंगेपासून इथवर बाणासारखे आलेले विमान उतरायला जागा नाही म्हणून आकाशात गोल फिरू लागले. खिडकीत तीच खाडी तिसऱ्यांदा दिसल्यावर सौभाग्यवतींनी विचारले, "अहो, हा माणूस पत्ता विसरलाय का?" वैमानिकाला नंबर लागण्याची वाट पाहावी लागते, हे मी समजावले, पण रंकाळ्यावर संध्याकाळी फेऱ्या मारणाऱ्यांना निदान भेळ तरी मिळते, हे त्यांचे म्हणणे मला खोडता आले नाही.

सामान, टॅक्सीची रांग आणि मुलुंडपर्यंतची वाहतूक उरकून सातला दार वाजवले. बारा ते सात, म्हणजे 310 किलोमीटरांना सात तास, ताशी 44. रस्त्याने हेच अंतर 375च्या आसपास भरते, तेव्हा सात तासांत मोटारीने आलो असतो, तर वेग ताशी 54 पडला असता आणि गूळही सगळा आला असता.

अण्णा सकाळीच अंघोळ करून पूजेची फुले निवडून बसले होते. त्यांनी चष्म्यावरून पाहत विचारले, "काय, किती वेळ लागला इमानाला?"

मी बॅग खाली ठेवत म्हणालो, "तासभर."