चव टाळण्याचे सोपे उपाय

भाजी चविष्ट असण्याचे तोटे कोणाला सांगायला नकोत. पोळ्या जास्त लागतात, मुलं पातेलं निपटून काढतात आणि पाहुणे पानावरून उठायचं नाव घेत नाहीत. या कटकटीतून कायमची सुटका हवी असेल तर आता चौकाचौकात वातानुकूलित सुपरमार्केटची सोय झालेली आहे. तिचा पुरेपूर लाभ कसा घ्यावा, एवढंच सांगतो.

निघताना नाक घरी ठेवून जा. मंडईत शिरलं की मेथी कुठल्या बाजूला आहे ते दिसायच्या आधी कळतं, हा केवढा मागासलेपणा! इथे सगळीकडे फरशी पुसायच्या औषधाचाच वास येतो. याला स्वच्छता म्हणतात आणि तिचे पैसे बिलात धरलेले असतात.

कोथिंबीर मोठ्या, रुंद पानांची घ्या. जुडी नाकाशी नेल्यावर काहीतरी जाणवलं तर ती गावरान निघाली, ताबडतोब परत ठेवा.

काकडी प्लास्टिकच्या कातडीसकट.

भरताचं वांगं काळंभोर, चकचकीत, आपला चेहरा दिसेल असं निवडा. जळगावकडचं ते पांढरट हिरवं, पोपडे उडेपर्यंत भाजल्यावर लोण्यासारखं होणारं वांगं दिसायला अगदीच गावंढळ.

आंबा स्टिकर वाचून घ्यावा. आता फळं पिकवायच्या कार्बाइडला बंदी आहे, इथिलीन वायूने पिकवायला रीतसर परवानगी आहे, आणि त्यात खरंच काही गैर नाही. फक्त झाडावर पुरता न भरलेला आंबा कुठल्याही वायूत ठेवला तरी पिवळा होतो, गोड होत नाही. पण पिवळा झाला ना? मग झालं तर.

आता टोमॅटो. इथे जरा सविस्तर बोलायला हवं, कारण चव टाळण्याच्या बाबतीत टोमॅटोइतकी प्रगती दुसऱ्या कोणी केलेली नाही.

सगळे एकाच मापाचे, देठापासून टोकापर्यंत एकसारखे लाल असलेलेच घ्या. देठाशी हिरवट खांदे दिसले तर तो परसातला समजावा. पैदासकारांनी दशकानुदशकं हे खांदे घालवण्यासाठी मेहनत घेतली, कारण एकसारखा रंग गिऱ्हाइकाला आवडतो आणि तोडणीही सोपी जाते. 2012 साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी दाखवून दिलं की ज्या जनुकामुळे खांदे हिरवे राहतात, तेच जनुक कच्च्या फळात हरितद्रव्य वाढवून साखर तयार व्हायला मदत करतं. रंग सारखा करायच्या नादात ते जनुकच निकामी झालेलं होतं. म्हणजे तुम्ही रंग मागितलात, त्यांनी गोडी काढून रंग दिला. हिशेब चोख.

पुढचं काम प्रवास करतो. नारायणगाव, पिंपळगाव बसवंतकडचा माल लांब पाठवायचा असेल तर वेलीवर लाल होईपर्यंत कोण थांबणार? नुकता रंग धरू लागला की तोडायचा, वीस किलोच्या क्रेटमध्ये भरायचा, क्रेटवर क्रेट रचायचे. तळातला फुटू नये म्हणून साल जाड हवी, गर घट्ट हवा. जातीही तशाच निवडल्या जातात. घरी कुंडीत लावलेल्या टोमॅटोला यातली एकही परीक्षा द्यावी लागत नाही. त्याचा प्रवास गॅलरीपासून ओट्यापर्यंत.

एवढ्यातूनही जरा वास शिल्लक राहिलाच, तर शीतकपाट आहे. टोमॅटोचा सुगंध ज्या द्रव्यांमुळे येतो, ती साधारण बारा अंशांखाली फारच कमी तयार होतात. फ्लोरिडातल्या संशोधकांनी 2016 साली दाखवलं की आठवडाभर पाच अंशांवर ठेवलेला टोमॅटो नंतर बाहेर काढून ठेवला तरी गेलेला सुगंध पुरता परत येत नाही. साखर, आंबटपणा जवळपास तेवढाच, वास मात्र गायब. आणि दुकानातून आणल्यावर तुम्ही त्याला कुठे ठेवता? फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. शाब्बास.

परवा असल्याच टोमॅटोचं मी सार केलं. चिरतानाच आत पांढरा कडक दांडा आणि कोरड्या बिया दिसल्या होत्या. मिक्सरमधून फिकट गुलाबी पाणी निघालं. आमसूल घातलं, गूळ घातला, तुपात जिऱ्याची दणदणीत फोडणी दिली. आत्या जेवायला होती. दोन घोट घेऊन म्हणाली, "छान झालंय रे कढण. कशाचं आहे?"

दुकानाच्या ॲपवर तक्रार करायला गेलो. पर्याय असे: कुजलेला माल, कमी वजन, चुकीची वस्तू, वस्तू मिळाली नाही. बेचव हा पर्यायच नाही! 'इतर' निवडलं. उत्तर आलं, "सर, प्रॉब्लेमचा फोटो अपलोड करा." चवीचा फोटो! फोन लावला तर पलीकडचा मुलगा अतिशय नम्रपणे म्हणाला, "सर, प्रॉडक्ट डॅमेज नसेल तर रिफंड होत नाही." डॅमेज नाही म्हणे. अरे, मग दुसरं काय आहे ते? टोमॅटोतून टोमॅटो काढून घेतलाय तुम्ही आणि वर साठ रुपये किलो लावताय!

जाऊ दे, उपदेश बास झाला.

शेतकऱ्याला नावं ठेवू नका. त्याला पैसे वजनाचे आणि दिसण्याचे मिळतात, चवीचे कोणी देत नाही, आणि भाव पडला की तोच माल त्याला रस्त्यावर ओतावा लागतो. नावं ठेवायची तर आपल्याला ठेवा. कोपऱ्यावर पाटी घेऊन बसलेल्या मावशींकडचा वेडावाकडा, खांदे हिरवे असलेला टोमॅटो बाजूला सारता, वर पाच रुपयांसाठी हुज्जत घालता, आणि काचेच्या दारातून आत गेलात की गुपचूप कार्ड पुढे करता. तिथे कशी तोंडाला कुलपं लागतात?

आणि दुकानवाल्यांनो, टोमॅटो थंडगार हवेत मांडायचा बंद करा. कुठल्या जातीचा आहे, कुठून आला, कधी तोडला, ते पाटीवर लिहा. पाच रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्यावर तारीख छापता येते आणि टोमॅटोच्या ढिगावर नुसतं 'फ्रेश' लिहून भागतं? लोकहो, हे बिलाच्या रांगेत उभं राहून मोठ्याने विचारा. मागची रांग खोळंबली तरी खोळंबू दे.