जिथे कुणी जात नाही, तिथे स्वस्तात कसं जायचं

पॅरिस, बँकॉक, सिंगापूर ही नावं आधी तोंडातून हद्दपार करा. तिथे टूरिस्ट जातात. तुम्ही ट्रॅव्हलर आहात. दोघांतला फरक कुणी विचारलाच, तर सांगा की टूरिस्टाला आपलं परतीचं विमान कधी आहे ते माहीत असतं.

जागा अशी निवडा की नाव सांगितल्यावर समोरच्यानं "कुठे?" असं दोनदा विचारलं पाहिजे. एकदाच विचारलं तर ती बाद. ताजिकिस्तानातलं मुरगाब चालेल, लाओसमधलं नोंग ख्याव चालेल, थेथ तर उत्तमच. शोधायला कष्ट नाहीत. 'कुणालाच माहीत नसलेली दहा ठिकाणं' अशा यादीत ती सापडतात. ती यादी जगातल्या यच्चयावत ट्रॅव्हलरांनी वाचलेली असते, हे मनावर घेऊ नका. अल्बेनियात थेथहून वाल्बोनाला जाणारी पायवाट सुमारे १,८०० मीटरवरच्या खिंडीतून जाते, चालायला सहा ते आठ तास लागतात, आणि भर उन्हाळ्यात खिंडीवर एकांताचा फोटो काढायला ताटकळावं लागतं. आधीच्याचा एकांत उरकला की तुमचा नंबर.

एवढी गर्दी नकोच असेल तर हंगाम सोडून जा. किर्गिझस्तानातलं सोंग-कुल सरोवर ३,०१६ मीटरवर आहे. मेंढपाळ जूनमध्ये जनावरं घेऊन वर जातात, सप्टेंबरात उतरतात, आणि उतरताना राहायचे यर्टही, म्हणजे नमद्याचे गोल तंबू, उचलून आणतात. तुम्ही एप्रिलमध्ये जा. यर्टच नाही, तर भाडं कसलं? जॉर्जियात तुशेती या डोंगरी भागाला जाणारा एकमेव गाडीरस्ता आबानो खिंडीतून जातो. खिंड २,८०० मीटरच्या वर, रस्ता उघडा साधारण जून ते ऑक्टोबरची सुरुवात. नोव्हेंबरात निघालात तर खर्च पहिल्या बर्फापाशीच थांबेल.

मग मार्ग. नकाशा पसरा आणि दोन गावांमधलं अंतर बोटानं मोजा. बोटाला सीमा लागत नाही, हा त्याचा मोठा गुण. आर्मेनियातलं ग्युमरी आणि तुर्कस्तानातलं कार्स अगदी शेजारी-शेजारी दिसतात, तेव्हा "सकाळी ग्युमरी, दुपारी कार्स" असं वहीत लिहून टाका. त्या दोन देशांमधली जमिनीवरची सीमा १९९३ मध्ये बंद झाली आणि प्रवासी तेव्हापासून जॉर्जियातून वळसा घालून जात आले. ती उघडण्याच्या चर्चा अधूनमधून होतात. तुम्ही चर्चेच्या भरवशावर निघा. तिबिलिसीहून रात्रीच्या गाडीनं बाकू, हाही वहीत शोभणारा बेत. अझरबैजाननं २०२० मध्ये जमिनीवरच्या सीमा प्रवाशांसाठी बंद केल्या आणि साथ ओसरल्यावरही वर्षानुवर्षं बंदच ठेवल्या. जुन्या प्रवासवर्णनांत ती गाडी अजून धावते आहे, आणि तुम्ही माहिती जुन्या प्रवासवर्णनांतूनच घेता, कारण ती फुकट असते. आणि धाडसाची फारच खुमखुमी असेल, तर जॉर्जियातून फुटलेल्या अबखाझियात रशियाच्या बाजूनं शिरा आणि जॉर्जियाच्या बाजूनं बाहेर पडा. जॉर्जियाच्या २००८ च्या कायद्यानुसार हा गुन्हा आहे. राहण्याजेवण्याची सोय मग सरकारही करू शकतं.

तिकीट काढताना एकच तत्त्व: आकडा लहान दिसला पाहिजे. एकाच तिकिटावरचा प्रवास महाग वाटतो, म्हणून तोच दोन कंपन्यांच्या दोन वेगळ्या तिकिटांत फोडा आणि मध्ये एक तास पन्नास मिनिटं ठेवा. दोन तिकिटं म्हणजे दोन परके करार. पहिलं विमान उशिरा आलं तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही आलाच नाहीत. शिवाय सामान बहुधा पुढे जात नाही. इमिग्रेशनमधून बाहेर यायचं, पट्ट्यावरून सॅक उचलायची, पुन्हा चेक-इन करायचं. बाहेर यायचं म्हणजे त्या मधल्या देशाचा व्हिसा लागू शकतो, आणि तो तुम्ही काढलेला नसतो, कारण तुम्हाला त्या देशात जायचंच नव्हतं. विमानतळाचं नावही वाचत बसू नका. जाहिरातींमध्ये 'फ्रँकफर्ट' म्हणून विकलं गेलेलं हान विमानतळ फ्रँकफर्टपासून साधारण १२० किलोमीटरवर आहे, 'पॅरिस'चं बोव्हे साधारण ८५. तिकिटात वाचवलेले पैसे बसवाल्याला द्यायला तुम्ही मध्यरात्री तिथे उतरता.

व्हिसाचं काम शेवटच्या आठवड्यावर ठेवा. पासपोर्टची मुदत प्रवासानंतरही चार महिने आहे म्हणता? भरपूर झाली. कित्येक देश प्रवेशाच्या दिवसापासून सहा महिने मागतात, पण ते नियम काउंटरवर कळण्यातच थरार आहे. ई-व्हिसा काढताना शोधयंत्रात सर्वात वर जी जाहिरात येईल तिथेच पैसे भरा. दिसायला ती सरकारी साइटपेक्षा अधिक सरकारी असते आणि फीही अधिक घेते. ई-व्हिसा मिळाला की तो कोणकोणत्या नाक्यांवर चालतो ती यादी मात्र उघडू नका. पुष्कळ देशांत तो ठरावीक विमानतळांवर आणि मोजक्याच रस्त्यांवरच्या नाक्यांवर चालतो. तुमची वाट कमी वापरातली असल्यानं तुमचा नाकाही कमी वापरातला असणार, आणि तो त्या यादीत नसणार, हे ओघानं आलंच.

परतीचं किंवा पुढचं तिकीट काढायचं नाही, कारण तुम्ही वाऱ्यासारखे आहात. अडचण एवढीच की वाऱ्याला चेक-इन काउंटर लागत नाही. तिथला कर्मचारी टिमॅटिक नावाच्या प्रणालीत तुमचं नागरिकत्व आणि जायचा देश टाकतो, आणि पडद्यावर "पुढच्या प्रवासाचा पुरावा आवश्यक" असं उमटलं की तुम्हाला बोर्डिंग पास मिळत नाही. त्याचं तुमच्याशी काही वैर नसतं. अपात्र प्रवासी नेला तर दंड कंपनीला होतो आणि त्याला परत आणायचं कामही तिच्याच गळ्यात पडतं. मग तिथेच उभ्या-उभ्या, मागची रांग मानेवर श्वास टाकत असताना, फोनवर मिळेल ते तिकीट मिळेल त्या किमतीला काढायचं. आदल्या आठवड्यात रद्द करता येणारं तिकीट काढून ठेवलं असतं तर हा प्रसंग टळला असता, आणि सांगायला काही उरलंच नसतं.

सॅक चाळीस लिटरची घ्या, कारण 'चाळीस लिटर केबिनमध्ये चालते' असं सगळेच सांगतात. चालतेही, पण केबिन बॅगचे पैसे भरले तर. सर्वात स्वस्त तिकिटावर फुकट जाते ती सीटखालची पिशवी. तिचं माप कंपनीगणिक थोडं बदलतं, पण धरून चाला ४० बाय ३० बाय २० सेंटिमीटर. गुणाकार करा: २४ लिटर. उरलेले सोळा लिटर गेटवर, दोन जॅकेटं अंगावर चढवून आणि खिशांत मोजे कोंबून लपवायचे असतात. बॅगेचं माप घेणाऱ्या लोखंडी चौकटीत सॅक घालताना तळाकडून घाला. कमरेचा पट्टा आधी अडकतो, मग चाक नसलेल्या सॅकचाही फोपशेपणा सगळ्यांना दिसतो. सॅकमध्ये दोन जीन्स हव्यातच. एकेक भिजली की दगड होते, वाळायला दोन दिवस घेते आणि तोवर तुम्ही तिसऱ्या गावात पोहोचता. पॉवर बँक ३०,००० एमएएचची घ्या. ३.७ व्होल्टनं गुणलं की १११ वॉट-अवर होतात, आणि कंपनीच्या परवानगीशिवाय न्यायची मर्यादा आहे १००. वीस हजारवाली ७४ मध्ये बसते, पण मग सुरक्षा तपासणीवाल्यांशी ओळख कशी होणार?

पैशांबद्दल फार लिहायला नको, ते आपोआप संपतात. रोख डॉलर नेणार असाल तर घरात घडी घालून ठेवलेल्या, कडेला किंचित फाटलेल्या, बँकेचा शिक्का बसलेल्या जुन्या नोटा न्या. मध्य आशियात आणि आफ्रिकेत कित्येक ठिकाणी त्या उजेडाकडे धरून पाहतात आणि तितक्याच आदरानं परत करतात. एटीएमनं "रक्कम तुमच्या देशाच्या चलनात घेऊ का?" असं विचारलं की कृतज्ञतेनं 'हो' दाबा, त्या सौजन्याची किंमत फुगवलेल्या दरात वसूल होते. ट्युनिशियाचे दिनार देशाबाहेर न्यायला बंदी आहे, म्हणून शेवटच्या दिवशी भरपूर काढा. मोल्दोवातून फुटलेल्या ट्रान्सनिस्ट्रियाचे रूबल मात्र बाहेर नेऊन उपयोग नाही, कारण बाहेर ते कुणी घेतच नाही. तिथे प्लास्टिकची नाणीही आहेत. खोक्यातल्या खेळाचीच वाटावीत अशी.

आता उंचीकडे या, कारण स्वस्ताई खरी रंगते ती इथे. किर्गिझस्तानातलं ओश शहर सुमारे १,००० मीटरवर, पामीर महामार्गावरचं मुरगाब सुमारे ३,६०० मीटरवर, आणि त्यांच्यामध्ये ४,६५५ मीटरची अक-बैताल खिंड. वैद्यकीय सल्ला असा की ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त चढवू नये, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं. पण गाडीचं भाडं दिवसावर असतं आणि फुप्फुसं तुमची स्वतःची, फुकटची. तेव्हा तीन दिवसांचा रस्ता एका दिवसात मारा. खिंड जवळ आली की सॅकमधलं बंद पुडकं उशीसारखं टम्म फुगलेलं दिसेल, आणि सनस्क्रीनचं झाकण उघडताच मलम न दाबता बाहेर येईल. बाहेरच्या हवेचा दाब किती उतरलाय, ते तुमच्या आधी त्या ट्यूबला कळलेलं असतं. संध्याकाळी बुटाची नाडी बांधायला वाकलात की डोक्यात घण बसतो; अन्न नको वाटतं. यावर नामी उपाय म्हणजे झोपेची गोळी, थोडी दारू आणि "सकाळी बरं वाटेल" हे वाक्य. गोळी आणि दारू दोन्ही श्वास मंदावतात. सोबती सरळ रेषेत, टाचेला चवडा लावून, चालू शकत नसेल तर तो थकलाय असं समजा. मेंदूला सूज आल्याचं ते लक्षण असतं आणि तेव्हा रात्रीच्या रात्री खाली उतरवण्याला पर्याय नसतो, पण गाडीवाला त्या फेरीचे वेगळे पैसे मागेल.

तिथलं पाणी उकळून प्या असं कुणी म्हणालं तर बुडबुडे दिसताच गॅस बंद करा. उंचावर पाणी कमी तापमानालाच उकळतं, म्हणून २,००० मीटरच्या वर ते तीन मिनिटं खळखळू द्यावं लागतं. गॅस मात्र विकत आणलेला असतो. पोट बिघडलंच तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचाच. एवढं एक वाक्य गमतीनं लिहिलेलं नाही.

विम्याची पत्रिका वाचू नका, फक्त काढा. सर्वात स्वस्त पॉलिसीत ठरावीक उंचीच्या वरचं ट्रेकिंग वगळलेलं असतं आणि वैध परवान्याशिवाय चालवलेली मोटारसायकलही. व्हिएतनामच्या हा झांगमध्ये स्कूटर भाड्यानं देणारा परवाना विचारत नाही, यावरून तो लागत नाही असा निष्कर्ष काढा. आंतरराष्ट्रीय परवाने दोन करारांखालचे असतात, १९४९ आणि १९६८. व्हिएतनाम १९६८ चा मानतं. तुमच्या हातात १९४९ चा असेल तर घाटातल्या खडीवर पडेपर्यंत दोघांत काहीच फरक नाही. पडल्यावर विमा कंपनी फरक समजावून सांगते.

हॉस्टेलमध्ये गादीची शिवण उलगडून पाहू नये. तिथे काळे बारीक ठिपके दिसले तर ढेकूण आहेत असं समजतं, आणि समजलं की दुसरीकडे पैसे भरावे लागतात.

घासाघीस मात्र जीव ओतून करा. मार्शरूत्का, म्हणजे तिकडची शेअर मिनीबस, सगळ्या सीट भरल्यावरच सुटते. दोन रिकाम्या सीटचे पैसे तिघांत वाटून निघता येतं, पण त्याऐवजी तीन तास अड्ड्यावर उन्हात बसा आणि वाचलेले दोन डॉलर वहीत लिहा. ज्या बाईनं स्वतःची खोली रिकामी करून तुम्हाला दिली, शेणी जाळून पाणी तापवून दिलं, तिच्याशी एका डॉलरवरून पाऊण तास वाद घाला. नंतर तिच्याच हसऱ्या चेहऱ्याचा फोटो टाकून खाली लिहा, 'इथल्या लोकांकडे काही नाही, तरी किती समाधानी!' गावाचं नेमकं ठिकाणही जोडा, म्हणजे पुढच्या वर्षीच्या यादीची सोय होईल.

एवढं सगळं पार पडलं की परतीचं तिकीट उघडा. त्यावर १४ तारीख आणि ००:२० अशी वेळ असेल. १४ तारखेची सकाळ बाजारात घालवा, दुपारी झोपा, उरलेली नाणी रिकाम्या बाटलीत भरा आणि रात्री नऊ वाजता, तब्बल तीन तास वीस मिनिटं आधी, विमानतळावर हजर व्हा. काउंटरपुढे रांग नसेल. विमान वीस तास चाळीस मिनिटांपूर्वी गेलेलं आहे. व्हिसाची मुदत १४ लाच संपते, म्हणजे अजून तीन तास आहेत.