लंडनच्या पुलांवरील लेख: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. इतकी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, मनापासून आभार. थेम्सवरच्या पुलांच्या लेखावर तुमचे दोन आक्षेप आहेत. पहिला असा की, जुना लंडन ब्रिज म्हणजे घरा-दुकानांची दाटी आणि नदीची अडवणूक. त्यात स्थापत्य कसलं, आणि त्याला निम्मा लेख कशाला? दुसरा असा की, टॉवर ब्रिज हा पोलादावर चढवलेला दगडी मुखवटा, निव्वळ फसवणूक, तरी मी त्याला टीका न करता सोडून दिलं. दोन्ही मला मान्य नाहीत.

अडवणूक होती, हे अगदी खरं. १२०९ मध्ये पुरा झालेल्या या पुलासाठी पात्रात लाकडी मेढी ठोकून, मध्ये दगडमाती भरून, होडीच्या आकाराचे ओटे केले आणि त्यांवर खांब उभारले. या ओट्यांना तिथे स्टारलिंग म्हणत. मेढी कुजल्या की भोवती आणखी ठोकायच्या. दर दुरुस्तीला ओटा फुगायचा नि पाण्याची वाट आकसायची. ओहोटीला पुलाच्या दोन अंगांच्या पाण्यात पाच-सहा फुटांचा फरक पडे. सावध उतारू अलीकडेच नावेतून उतरत, चालत पुढे जात आणि पलीकडे पुन्हा नावेत बसत. पाण्याच्या याच जोरावर कमानींखाली चाकं फिरवून शहराला पाणीही चढवलं जाई.

पुढे पुलावरची घरं काढायला घेतली आणि १७५९ मध्ये नावांच्या सोयीसाठी मधल्या दोन कमानींची एक मोठी कमान केली. झालं, सगळा प्रवाह तिकडे धावला आणि शेजारच्या खांबांखालचा तळ खरवडू लागला. १७६१ मध्ये जॉन स्मीटन या अभियंत्याला घाईघाईने बोलावलं. त्याचा सल्ला काय, तर शहराच्या वेशींचे नुकतेच विकलेले दगड परत विकत घ्या आणि कमानीखाली नदीत टाका! तसंच केलं गेलं आणि पूल तगला.

१८३१ मध्ये शेजारी जॉन रेनीच्या आराखड्याचा नवा पूल खुला झाला, जुना पाडला, आणि बंधाराच निघाल्यासारखी नदी मोकळी झाली. ओहोटीचा वेग वाढला, वरच्या बाजूचा तळ धुपला. तिथल्या वेस्टमिन्स्टर (१७५०) आणि ब्लॅकफ्रायर्स (१७६९) या पुलांचे पाये आधीच कमकुवत होते, ते आणखी उघडे पडले. पुढे दोन्ही पूल नव्याने बांधावे लागले, अनुक्रमे १८६२ आणि १८६९ मध्ये. आज तुम्हाला आवडणारे ते दोन देखणे पूल का बांधावे लागले, हे जुना लंडन ब्रिज वगळून मी कसं सांगू? एका नदीवरच्या पुलांचा इतिहास सुटा सुटा लिहिताच येत नाही, असं माझं ठाम मत आहे.

आता टॉवर ब्रिज. लंडन ब्रिजच्या खालच्या अंगाला जहाजांचे धक्के होते, त्यामुळे मोठी जहाजं आत येऊ देणारा पूल हवा होता. १८८५ च्या कायद्याने मधली वाट २०० फूट रुंद आणि १३५ फूट उंच मोकळी ठेवायला सांगितलं, आणि शैली गॉथिक, म्हणजे मध्ययुगीन टोकदार कमानींची असावी, असंही बजावलं; शेजारी टॉवर ऑफ लंडन हा मध्ययुगीन किल्ला होता ना. म्हणजे दगडी पेहराव ही अटच होती. शिवाय या पुलाने लपवलंय काय? जहाजांसाठी वर उचलली जाणारी, हजार टनांहून जड असलेली रस्त्याची पानं, पुलाचे बाजूचे भाग ज्यांवर टांगलेत त्या साखळ्या, सगळं उघड्यावर आहे. मनोऱ्यांना जोडणाऱ्या वरच्या पादचारी मार्गांकडे नीट बघा. दोन्हीकडच्या साखळ्यांचा ताण एकमेकांना बांधणारे पोलादी पट्टे तिथूनच जातात. तो मार्ग शोभेचा समजून पुढे जाणारे बरेच असतात, म्हणून मुद्दाम लिहितो.

मनोऱ्यांवरची टोकं आणि कोपऱ्यांतले छोटे बुरूज मात्र मलाही जड वाटतात. तिथे आपलं एकमत आहे.