"पोरीले गणित कायले पायजे?"

आज डोकं फिरलंय म्हणून लिहून राहिलो, लांब होईल.

सकाळी भाचीच्या अकरावीच्या अॅडमिशनसाठी गेलो होतो. ऑनलाइन लिस्टमध्ये सायन्सला नंबर लागलेला, फक्त कॉलेजात जाऊन विषय पक्के करायचे होते. खिडकीतल्या माणसानं काही न विचारता गणितावर काट मारली आणि बायोलॉजी लिहिलं. मी म्हटलं, भाऊ, तिला गणित पाहिजे, तिला पायलट व्हायचं आहे. तो मान वर न करता म्हणतो, "पोरीले गणित कायले पायजे? बायो घ्या, नर्सिंगले नंबर लागून जाते." मागच्या लाईनीतले चार-पाच पालक हसले. पोरगी ओढणीचं टोक पिळत खाली पाहत उभी राहिली.

नर्सिंग वाईट नाही. पण तिनं ते मागितलं होतं का?

आणि हे कुठे, तर गोंदिया जिल्ह्यात! जिथे बिरसी विमानतळाची धावपट्टी इंग्रजांच्या काळापासून आहे, दुसऱ्या महायुद्धाच्या वेळची. जिथे देशभरातली पोरं पायलट व्हायला येतात आणि त्यांची विमानं दिवसभर आमच्या बांध्यांवरून, म्हणजे धानाच्या शेतांवरून, गोल गोल फिरतात. आमची पोरं खाली चिखलात उभी राहून टाटा करतात. बस, तेवढाच संबंध.

मी नववीत होतो तेव्हाची गोष्ट. रोवण्याचे, म्हणजे धान लावणीचे दिवस. आई बांधीत वाकलेली, तिनं कंबर सरळ केली, वर पाहिलं आणि म्हणाली, "आज विमान उलट्या बाजूनं उडून राह्यलं. हवा फिरली. पाणी येते पाह्य." दुपारनंतर असा पाऊस आला का बांध्या फुटायला आल्या. माझी आई चौथी शिकलेली. मी दुसऱ्या दिवशी शाळेत सरांना विचारलं, सर, विमान उलट्या बाजूनं उडालं तर पाऊस कसा काय येतो? सर म्हणाले, परीक्षेत येत नाही ते विचारू नको.

उत्तर मला कैक वर्षांनी, मोबाईलवर वाचून समजलं. विमान वाऱ्याच्या समोर तोंड करून उडतं, कारण पंखांवरून जेवढी जोरात हवा जाईल तेवढी कमी धावपट्टी लागते. एरवी पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिमेकडचा. बंगालच्या उपसागरातला कमी दाबाचा पट्टा छत्तीसगडकडे सरकला का वारा बरेचदा उलटा फिरतो, मग विमानं धावपट्टीच्या दुसऱ्या टोकाकडून उडतात, आणि मागून पाऊस येतो. म्हणजे आई जे बोलली ते पायलटच्या परीक्षेतलं मेटिऑरॉलॉजी, म्हणजे हवामानशास्त्र होतं. तिनं ते रोवणा लावता लावता ओळखलं होतं, आणि आमच्या शाळेत ते सांगणारा एक माणूस नव्हता.

मग मीही बायो घेतलं, सगळ्यांनी घेतलं म्हणून. पायलटच्या लायसन्ससाठी बारावीला फिजिक्स आणि गणित लागतं हे मला एकोणिसाव्या वर्षी समजलं. एनआयओएसमधून, म्हणजे सरकारच्या मुक्त शाळेतून, नंतर ते विषय देता येतात, हो, येतात. पण शेतात राबणाऱ्या पोराला ते सांगणार कोण?

माझं म्हणणं एवढंच आहे. अकरावी-बारावीला द्विलक्षी, म्हणजे बायफोकल, हाताला काम शिकवणारे विषय असतात ना, 200 मार्कांचे? इलेक्ट्रॉनिक्स आहे, कॉम्प्युटर सायन्स आहे, पीकशास्त्र आहे, मत्स्यशास्त्र आहे. मग विमानविद्या का नाही? आमच्या इथे बिरसी, अमरावतीला बेलोरा विमानतळ, नागपूरला मिहानमध्ये विमानं दुरुस्त करायचा एवढा मोठा कारखाना. विदर्भातल्या पाच-दहा कॉलेजांत तरी सुरू करा. हवामान शिकवा, नकाशा शिकवा, इंजिन खोलून दाखवा, धावपट्टीवर 09 लिहिलं म्हणजे होकायंत्राचे 90 अंश हे शिकवा. न्यूयॉर्कमध्ये एव्हिएशन हायस्कूल म्हणून सरकारी शाळा आहे, तिथली पोरं शाळेतच विमानाच्या इंजिनावर हात काळे करतात आणि मेकॅनिकच्या लायसन्सची तयारी करून बाहेर पडतात. शाळेत! आणि आमच्या पोरांनी विमान आतून पाहिलेलं नाही.

पैसे लागतात, मान्य. 200 तासांचं फ्लाईंग, लाखोंचा खर्च, धान विकून आलेल्या चुकाऱ्यात भागत नाही. पण विमान म्हणजे एकटा पायलट आहे का? त्याला दुरुस्त करणारा इंजिनिअर आहे, टॉवरमध्ये बसून विमानं उतरवणारा आहे, हवामान सांगणारा आहे. आणि या सगळ्यांना गणित लागतं. तेच गणित, ज्यावर आज सकाळी त्या माणसानं पेन फिरवला.

शाळा सांगत नाही म्हणून तर तालुक्याच्या बसस्टँडवर एअरहोस्टेस-ग्राउंड स्टाफच्या कोर्सचे बोर्ड लागतात. आमच्या गावातल्या एकीच्या बापानं दीड एकर गहाण ठेवून फी भरली. सहा महिन्यांनी हातात एक सर्टिफिकेट, नोकरी नाही. तो माणूस आता माझ्याशी नजर मिळवत नाही, जसं काही चूक त्याचीच होती. हे लिहिताना परत हात थरथरून राहिला.

असो. परत येताना भाची गाडीवर मागे बसून एक शब्द बोलली नाही. कामठ्याजवळ वरून आवाज आला तशी हळूच म्हणाली, "मामा, हे दोन इंजिनवालं आहे." मी गाडी थांबवून पाहिलं. दोनच होते. मी म्हटलं, तुला कसं समजलं? "एकवाल्याचा आवाज वेगळा असते ना मामा, लहानपणापासून ऐकून राहिली मी."

घरी आईला सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "उद्या मीबी येतो तुमच्यासंग. पाहतो कोण काटते गणित."

उद्या दहा वाजता आम्ही तिघं जाऊन राहिलो. कोणाकडे अकरावीची गणिताची दोन्ही भागांची पुस्तकं पडून असतील तर सांगा, घ्यायला येतो.