खुलासा : एमसीबी शॉकपासून वाचवत नाही

‘घरात एमसीबी बसवली की शॉकची भीती संपली’ असा मेसेज सध्या फिरतो आहे. (एमसीबी म्हणजे घरच्या वीजबोर्डातला आपोआप पडणारा खटका.) हे साफ चुकीचं आहे, आणि त्यावर विसंबणं जिवावर बेतू शकतं.

एमसीबी असते वायरिंगच्या रक्षणासाठी. जास्त लोड बराच वेळ राहिला तर आतली द्विधातूची पट्टी तापून वाकते. शॉर्ट सर्किट झालं तर कॉइल झटक्यात खटका पाडते. पण १६ अँपिअरची ‘सी’ प्रकारची एमसीबी तत्क्षणी पडायला ८० ते १६० अँपिअर लागतात. आता माणसाचं बघा. २३० व्होल्टला ओल्या हाताच्या माणसातून साधारण पाव अँपिअर जाऊ शकतो. हृदय बंद पडायला तेवढा पुरतो, एमसीबीला मात्र तो ६० वॉटच्या बल्बएवढाच लोड वाटतो. ती पडणारच नाही.

शॉकपासून वाचायला आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती ओळखणारा खटका लागतो, तोही एमसीबीच्या जोडीला. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलने परतलेला करंट आरसीसीबी सतत ताडून बघते. कमी परतला, तर बाकीचा दुसऱ्या वाटेने, कदाचित माणसातून, जमिनीत जातोय. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की सप्लाय तोडते. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम हातात आले, तर मात्र तिलाही ते कळत नाही.

अर्थिंग हवंच. आरसीसीबीवरचं ‘टेस्ट’ बटण अधूनमधून दाबा. खटका पडला नाही तर इलेक्ट्रिशियनला लगेच बोलवा.