‘अनुदाने बंद करा, रोख द्या’: या म्हणण्यातील चुका

इंदूरच्या मराठी घरांत सध्या एक मजकूर हातोहात फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: खतावरील अनुदान बंद करून तो पैसा थेट शेतकऱ्याच्या खात्यात टाकावा, हमीभावाने खरेदी करण्याऐवजी भावातील फरक रोख द्यावा, म्हणजे मदत खऱ्या शेतकऱ्याला मिळेल आणि मधली गळती थांबेल. सुधारणा हवी, हे मलाही मान्य आहे. परंतु या मजकुरातील बहुतेक गृहीतके टिकणारी नाहीत.

‘मदत खऱ्या शेतकऱ्याला मिळेल’ हे पहिले गृहीतक. केंद्र सरकारच्या पीएम-किसान योजनेत २०१९ पासून वर्षाला ६,००० रुपये तीन हप्त्यांत मिळतात, आणि ते मिळतात ज्याच्या नावावर जमीन आहे त्याला. आमच्या घरचेच उदाहरण देतो. सांवेरजवळची थोडी जमीन काकांच्या नावावर आहे. काका राहतात इंदूर शहरातल्या मल्हारगंजात आणि शेत कसते ते एक बटाईदार, म्हणजे पिकाच्या वाट्यावर दुसऱ्याची जमीन कसणारे, कुटुंब. हप्ता काकांच्या खात्यात जमा होतो. यात काकांनी काही लबाडी केलेली नाही, कारण खसऱ्यावर, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीत, नाव त्यांचेच आहे. पण पावसाची आणि बाजाराची जोखीम ज्याच्या डोक्यावर आहे, त्या माणसाला त्यातून एक पैसाही मिळत नाही. त्याला आज जो काही आधार मिळतो तो गोणीतून मिळतो: ४५ किलो युरिया २६६ रुपये ५० पैशांना, आणि ती किंमत जमीन कोणाची आहे यावर ठरत नाही. अनुदान काढून रोख दिली, तर गोणी महाग होईल बटाईदाराला आणि भरपाई जाईल काकांना.

दुसरे म्हणणे असे की रोख रक्कम अनुदानाइतकीच असेल. पहिल्या वर्षी असेलही. मात्र २०१९ मध्ये ठरलेले ६,००० रुपये इतक्या महागाईनंतरही ६,०००च आहेत. (मध्य प्रदेश सरकार स्वतःचे आणखी ६,००० देते, ही गोष्ट वेगळी.) याउलट २०२२-२३ मध्ये जगभर खते कडाडली तेव्हा केंद्राचे खत अनुदान सुमारे अडीच लाख कोटींवर गेले आणि युरियाच्या गोणीची किंमत जागची हलली नाही. ठरावीक रोख रकमेच्या व्यवस्थेत तो सगळा भार शेतकऱ्यावर पडला असता.

गळतीविषयी बोलताना कंपन्या न विकलेल्या खताचेही अनुदान घेतात असे म्हटले जाते; हा आरोप जुना झाला आहे. २०१८ पासून दुकानातील यंत्रावर खरेदीदाराची ओळख पटवून विक्री नोंदल्यानंतरच कंपनीला पैसे मिळतात.

भावातील फरकाविषयी मात्र सविस्तर बोलायला हवे, कारण तो प्रयोग आपल्याच राज्यात झाला आहे. २०१७ च्या खरिपात भावांतर योजना आली. फरक मोजताना बाजारांच्या सरासरीतून काढलेला ‘मॉडल’ भाव हा तळ धरला गेला; शेतकऱ्याचा माल त्याहून स्वस्त गेला तरी फरक मॉडल भावापासूनच मोजला गेला. २०२५ चा सोयाबीनचा हमीभाव, ५,३२८ रुपये क्विंटल, घेऊन हिशेब करू. समजा मॉडल भाव ४,००० निघाला आणि इंदूरच्या छावनी मंडीत एखाद्याचा माल ३,६०० ला गेला. त्याला फरक मिळेल १,३२८. हातात एकूण ४,९२८. म्हणजे हमीभावाहून ४०० रुपये कमी. शिवाय सरकार फरक भरणार हे व्यापाऱ्याला ठाऊक असते, विक्रीची मुदत ठरलेली असल्यामुळे सगळा माल एकदम मंडीत येतो, आणि लिलावात भाव दाबणे सोपे होते. २०१७ मध्ये उडदाचे भाव कोसळले तेव्हा हीच तक्रार राज्यभर झाली होती. सरकारी खरेदी निदान बाजारातून माल उचलते. नुसती रोख तेवढेही करत नाही.

अनुदानामुळे खतांच्या वापराचा समतोल बिघडतो, हा मुद्दा मात्र खरा आहे आणि तो मान्य केलाच पाहिजे. २०१० मध्ये अन्नद्रव्यांवर आधारित, म्हणजे खतात कोणते अन्नद्रव्य किती आहे यावर ठरणारे, अनुदान आले तेव्हा युरिया त्यातून वगळला गेला. त्यामुळे युरिया अतिशय स्वस्त राहिला, स्फुरद पुरवणाऱ्या डीएपी खताची ५० किलोची गोणी १,३५० रुपयांची झाली, आणि शेतकरी साहजिकच नुसते नत्र देणाऱ्या युरियाकडे झुकला. माळव्याच्या काळ्या जमिनीसाठी हे वाईट आहे, आणि ही विषमता हळूहळू कमी झालीच पाहिजे.

पण त्याआधी बटाईदाराची नोंद व्हायला हवी. ओडिशाने ‘कालिया’ योजनेत भूमिहीन शेतमजूर आणि बटाईदार कुटुंबांना सामावून घेतले, तेव्हा हे अशक्य आहे असे म्हणता येणार नाही. रोख रक्कम खताच्या किमतीशी बांधलेली असावी आणि ती पेरणीपूर्वी, ज्येष्ठातच, हाती पडावी. या तीन गोष्टी झाल्यावर खताचे अनुदान कमी करण्याची बोलणी सुरू करावीत, आणि त्या बोलण्यांत काकांइतकेच त्यांच्या बटाईदाराचेही म्हणणे ऐकले जावे.